नावाचं कडवं

तव्यावर सुई टेकली आणि विहाराच्या अंगणात बसलेली सगळी वस्ती गप्प झाली. खेमराजच्या गाण्याच्या पार्टीचा पहिला तवा, मुंबईच्या स्टुडिओत भरलेला, चार गाण्यांचा, कालच बालाघाटात आला होता. खेमराज नवा बुशकोट घालून रेकॉर्ड प्लेअरजवळ उभा होता. त्याची बायको शेवंता मांडीवर पेढ्यांचं ताट घेऊन बसली होती. सगळ्यांत पुढे मैनाबाई. ही चारही गाणी तिनं मँगनीजच्या खाणीत दगड फोडता फोडता रचली होती. लुगडं धुवट होतं, पण हातांचा काळा रंग घासूनही गेला नव्हता.

भोंग्यातून खेमराजचा आवाज आला तशी माणसं खुलली. गळा गोडच होता मेल्याचा, त्यात वाद नाही.

शेवटचं कडवं नावाचं. रचणाऱ्याचं नाव त्यात यायचंच. आणि ते आलं की ऐकणाऱ्यांनी गाणाऱ्याबरोबर मोठ्यानं म्हणायचं, जयंती असो की लग्न, ही वस्तीची रीत.

तवा म्हणाला, "खेमराज म्हणे, पोरीच्या हाती आधी पाटी द्या."

वस्ती म्हणाली, "मैना म्हणे..."

दोन्ही नावं एकमेकांवर आदळली. कोणीतरी हसलं, मग कोणीच हसलं नाही.

"हे काय होय, खेमराज?" मैनाबाईनं विचारलं.

खेमराजनं बुशकोटाचं बटण चाचपलं. "काकू, कंपनीवाले बोलले, रेकॉर्डवर एकच नाम चलते. गाणारा एक अन् नाव दुसऱ्याचं, असं नाही जमत. मी काय करू?"

"तुले तोंड नोहतं? मले खाणीतून सुट्टी नाही भेटली, म्हणून तुह्या भरोशावर धाडले गाणे."

"नावानं काय होते, काकू? गाणं तर घरोघरी जाऊन राह्यलं ना!"

नावानं काय होते! ज्याचं छापून येतं त्यालाच हे सुचतं. खाणीच्या हजेरीबुकातही मैनाबाई 'सुखरामची बायको' होती. ही चार कडवी सोडली तर तिचं नाव जगात कुठंच एकटं उभं नव्हतं.

म्हातारा फकिरा काठी आपटत उठला. "फोड थो तवा!"

"काहून फोडू?" मैनाबाई त्याच्यावरही कडाडली. "गाणे माह्ये हायेत. लाव, खेमराज. चारही लाव."

दुसरं लागलं. तवा उलटला, तिसरं लागलं. दर वेळी नावाच्या जागी ढोलकी लंगडायची. मैनाबाईनं तिथं दोन अक्षरांपुरती जागा ठेवली होती आणि खेमराजनं तीत चार कोंबली होती. त्या स्टुडिओत ढोलकी वाजवून आलेला पुनाराम मान खाली घालून बसला. वस्तीनं पहिल्या वेळी 'मैना' सवयीनं म्हटलं होतं. आता रागानं म्हणत होती, दर वेळी आधीपेक्षा जोरात.

चौथ्या गाण्याला खेमराजचे ओठ आपसूक हलू लागले. गाणाऱ्या माणसाला राहवत नाही. नावाची जागा आली तेव्हा मात्र त्यानं ते गच्च मिटले. शेवंतानं पेढ्यांचं ताट खाली ठेवलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत, सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं, "मैना!"

गाणं संपलं. सुई नुसतीच खरखरत राहिली. पेढ्याला कोणी हात लावला नाही.

मैनाबाई उठली आणि खेमराजच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"सांग, मावलं का रे तुह्यं नाव?"