पडताळणीची तिसरी खेप

"एकटं वाटतं का?" मृण्मयी सातपुतेने विचारलं. तिच्या टॅबवर उत्तर आधीच भरलेलं होतं: हो.

माणसांची उत्तरं यंत्र त्यांच्याआधीच सांगू लागल्यापासून सरकारी पाहणीत कुणी कुणाला काही विचारत नसे. फक्त कायद्यामुळे हजारातल्या एका घरी माणूस पाठवावा लागे, अंदाज जुळतो का ते बघायला. समाजशास्त्रात एम.ए. झालेल्यांना तेवढीच नोकरी उरली होती. उत्तर जुळलं नाही, तर आठ दिवसांनी पुन्हा जायचं.

कऱ्हाडच्या या घरी ती तिसऱ्यांदा आली होती. पहिल्या खेपेला यादवकाकांनी, घरभर सुकटीचा वास असताना, आपण शाकाहारी असल्याचं सांगितलं होतं. दुसऱ्या खेपेला, आपल्याला चहा चालत नाही असं, तेही चहा पीत पीत.

"छे, मला कसलं एकटं वाटतंय," काका म्हणाले आणि पातेल्यात उरलेला चहा त्यांनी तिच्या कपात ओतला.

माणूस खोटं का बोलतोय ते लिहा, असं कॉलेजात सर सांगायचे. टॅबवर त्यासाठी रकाना नव्हता. तिने 'नाही' दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'खरे उत्तर हो. नाही म्हणतील, हेही अपेक्षित. जुळले. पुन्हा जाण्याची गरज नाही.'

"चुकलं ना त्याचं?" काकांनी विचारलं. "म्हणजे पुढच्या मंगळवारी यावं लागणार तुला. दूध जास्तीचं घेऊन ठेवतो."

आता आपल्याला वाईट वाटायला हवं, एवढं मृण्मयीच्या लक्षात आलं. तिने टॅब पिशवीत घातला.

"ठेवा काका," ती म्हणाली.