अर्ध्या मिनिटाचे फेरे

चार कागदी कप. तीन मिस्ड कॉल. लाल नेलपॉलिश, एकाच कपाला. वाऱ्याने आपटणारं गच्चीचं दार. सोमवारी पक्कडीने ओढलेली एक वायर. अडतीस.

वारा ताशी अडतीस किलोमीटरच्या वर गेला की टॉवर क्रेन थांबवायची, हा नियम. क्रेनच्या टोकावरचा वारामापक तेव्हा भोंगा वाजवायचा. सोमवारी तो दर दहा मिनिटांनी वाजत होता. "त्याचं तोंड बंद कर बाई," फोरमन वॉकीटॉकीवरून ओरडला होता. वर केबिनमध्ये ती एकटी. तिने केलं बंद. तेव्हापासून तिचं बूड एका जागी टेकत नव्हतं.

आज गुरुवार. अकराला चढायचं होतं, आणि साडेनऊला ती मुलींबरोबर गच्चीत बसून फूट फूट लांबीच्या काड्यांना कप चिकटवत होती.

"एवढी घाई कशाला, आई? प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे," थोरली म्हणाली. "आणि ही टाचणीच वाकडी आहे."

"नाचता येईना, अंगण वाकडं," धाकटी म्हणाली.

"भांडू नका. फिरतंय का बघा."

फिरलं. आता किती फेऱ्यांना किती वारा, ते ठरवायचं. तिघी स्कूटरवर. काटा वीसवर धरून ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. थोरलीने कपांची काठी डोक्यावर उंच धरली, धाकटीने घड्याळ. लाल कप अर्ध्या मिनिटात जाताना एकोणचाळीस वेळा आला, येताना एकवीस.

"बिघडलं," ती चिडून म्हणाली.

"नाही गं, आई," थोरली म्हणाली. "जाताना वारा तोंडावर होता, येताना पाठीवर. मधला आकडा घे."

वीसला तीस. थोरलीने गच्चीच्या भिंतीवर खडूने गणित मांडलं. अडतीसला सत्तावन्न.

"मोजा आता."

तेवढ्यात फोरमनचा फोन.

"कुठे आहेस? साडेदहा झाले."

सात. आठ.

"निघतेय, साहेब."

"आज वारा कुठाय? माझी टोपीसुद्धा हलत नाही."

एकोणीस.

"साहेब, ती वायर..."

"कुठली वायर? मी कुठल्या वायरचं बोललो?"

एकतीस. बत्तीस. फोन बंद झाला. ती कपांकडे बघत उभी राहिली. आकड्यांबरोबर तिचे ओठ हलत होते.

"अठ्ठेचाळीस!" दोघी एकदम ओरडल्या.

सत्तावन्नच्या चांगला आत. तिने हेल्मेट उचललं, पट्टा हनुवटीखाली ओढला.

"आई, तू बसतेस तिथेपण वारा इतकाच असतो?" धाकटीने विचारलं.

"का गं?"

"आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत. तू?"

"पंचविसाव्याच्या वर."

"मग हे तिकडे नेऊन मोज ना."

कप फिरत राहिले. वर केबिन कशी डुलते, हे मुलींना तिने कधी सांगितलं नव्हतं. तिने पट्टा सोडला आणि स्वतःच फोन लावला.

"वायर मी काढली, साहेब. कुणाच्या सांगण्यावरून, तेही आठवतंय मला. ती जोडेपर्यंत मी चढत नाही."

"मग बस घरात! दुसरा ऑपरेटर आहे माझ्याकडे. पाच मिनिटांत चढवतो त्याला."

"त्याला वायरचं सांगणार का?"

फोरमनने फोन ठेवला.

ती दोन दोन पायऱ्या उतरत सुटली. उजव्या पायात स्वतःची चप्पल, डाव्यात थोरलीची.

"चढायला चाललीस?" थोरलीने वरून ओरडून विचारलं.

"नाही. सांगायला."

स्कूटर दोनदा नुसतीच खोकली, मग सुरू झाली. काटा वीसवर थांबला नाही.

कालच, बुधवारी दुपारी दोन वाजता, तिच्या क्रेनला दोन टन सळ्या लटकत होत्या, खाली सात माणसं होती आणि वारा चव्वेचाळीस होता. भोंगा वाजला नव्हता.