फाटकापाशी काय झालं

“परत घेऊ या,” काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. “खुर्ची वाजली.”

खुर्ची वाजली नव्हती. वाचणाऱ्या बाई घोटभर पाणी प्यायल्या आणि निमूटपणे तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या.

“‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. फाटकवाला किल्ली घेऊन पळाला.’”

गिरणीच्या आगीवरची ही गाजलेली कादंबरी आता ऑडिओबुक म्हणून यायची होती. लेखक स्वतः त्या आगीतून वाचलेला, तेव्हा त्याच्या ‘मी’ला कोण अडवणार? तो म्हणाला तोच इतिहास झाला. शाळेत धडासुद्धा लागला. बाईंनी तर प्रकाशकाच्या मागे लागून हे काम मिळवलं होतं. पान न बघता त्यांना पुढची ओळ येत होती.

फाटकवाला म्हणजे रेकॉर्डिस्टचे आजोबा. आगीनंतर ते सापडले नाहीत. जळालेल्यांमध्ये कोण कोणाला ओळखणार होतं? पण पळाल्याचं छापून आलं आणि विषय संपला.

वर्गात हा धडा आला तेव्हा फाटकवाल्याच्या मुलीला, म्हणजे रेकॉर्डिस्टच्या आईलाच, उभं करून वाचायला लावलं होतं. तिने शेवटपर्यंत वाचला. त्यानंतर ती शाळेत गेली नाही. आता ती अंथरुणाला खिळली होती आणि अधूनमधून लेकाला विचारायची, “बाबांचं काही कळलं का रे?”

“परत घेऊ या.”

“आता काय वाजलं?” बाईंनी विचारलं.

तो उठून आतल्या खोलीत गेला. “ताई, ‘पाहिलं’ म्हणण्याआधी जरा अडखळाल का?”

“पुस्तकात तो कुठे अडखळतो?”

“आदल्याच पानावर म्हणतो, धुरात स्वतःचा हात दिसत नव्हता. मग फाटकवाला नेमका कसा दिसला?”

“कादंबरी आहे ती. सांगणारा सांगेल तसं.”

“तेच तर. हा सांगून मोकळा झाला, आणि आम्ही...” त्याने जीभ चावली.

“आम्ही म्हणजे?”

आता लपवून उपयोग नव्हता. “फाटकवाले माझे आजोबा. त्यांची मुलगी, माझी आई, अजून आहे. मला वाटलं, तुमचा आवाज नुसता अडखळला तरी तिला बरं वाटेल.”

बाईंचा चेहरा उतरला.

“जा, चालू करा,” त्या म्हणाल्या.

काम हातचं गेलं असं समजूनच तो जागेवर येऊन बसला. काचेतून त्याला दिसलं, बाईंनी चष्मा काढला होता. पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं.

“‘धूर होता. काही दिसत नव्हतं. कुणीतरी मानगूट धरून मला फाटकाबाहेर ढकललं. फाटकवाला होता. मी म्हटलं, चल. तो म्हणाला, आत माणसं आहेत अजून. तो परत आत गेला. मी पळालो.’”

रेकॉर्डिस्टने समोरच्या प्रतीची पानं उलटसुलट चाळली.

“ताई, हे पुस्तकात कुठे आहे?”

“पुस्तकात नाही,” बाई म्हणाल्या. “बाबांनी हे लिहिलं नाही. झोपेत बोलायचे.”