वाढत्या अंगाचे पॅड

"नहीं जाता," पंच म्हणाले आणि हातातली मापाची लाकडी चौकट त्यांनी दत्तात्रयच्या डाव्या पायावरच्या पॅडवर पुन्हा दाबून पाहिली. पॅड दोन बोटं बाहेरच राहिला.

फ्रीगंजच्या हॉकीच्या मैदानाच्या कडेला सतरंजीवर बसलेल्या अनसूयाबाई ताडकन उठल्या. गोलकीपर दत्तात्रय त्यांचा मुलगा, आणि पॅड त्यांच्या हातचे. स्वतःच्या गादीतला कापूस काढून, वेताच्या काड्या घालून, दाभणाने शिवलेले. पदर खोचून त्या थेट मैदानात शिरल्या.

"पाय आहे तो, पंचसाहेब. दार नव्हे, चौकट बसवायला."

"माताजी, नया नियम है. भोपाल से आया है."

"कालपर्यंत नियम ग्वाल्हेरहून यायचे. राज्य बदललं म्हणून चेंडू मऊ झाला का?"

लोक हसले. समोरच्या टीमचा कप्तान पुढे आला. "अम्मा, इतने चौड़े पैड! गोल दिखता ही नहीं. इससे अच्छा तो खटिया खड़ी कर दो."

"तुझ्या हाताला कुणी माप लावलं का रे, मेल्या? तू मारायचं अंगातली सगळी रग काढून, अन् ह्यानं उभं राहायचं मापात!"

"आई, पुरे," दत्तात्रय खालमानेनं म्हणाला.

पंच माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी चौकट काखेत धरली आणि सरळ विचारलं, "अच्छा, आप ही बताइए. इतने चौड़े बनाए क्यों? कोई वजह हो तो मैं सोचूँ."

वजह होती. गेल्या पावसाळ्यात डाव्या गुडघ्यावर चेंडू बसला होता. वाटी जागची हलली, ती नीट बसलीच नाही. अजून दत्तात्रय जिना उतरायचा तो कठड्याला धरून, एकेक पायरी, लहान मुलासारखा. घराबाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. अनसूयाबाईंनी तोंड उघडलं.

अन् शामियान्याकडे नजर गेली. मिलचे साहेब पहिल्याच रांगेत बसले होते, पाय पसरून, कान इकडेच. दत्तात्रयला मिलने ऑफिसात खुर्ची दिली होती ती काही अक्षर बघून नव्हे. गोल अडवतो म्हणून. लंगडा गोलकीपर कोण पोसतो?

शब्द जिभेवर आला होता, तो गिळला.

"वाढत्या अंगाचे शिवले," त्या म्हणाल्या. "मी सगळं तसंच शिवते."

क्षणभर कुणाला कळेना. मग सगळं मैदान खदखदून हसलं. कप्तान तर पोट धरून खाली बसला. "अम्मा, ये सांड अब और कितना बढ़ेगा?" शामियान्यातले साहेबसुद्धा हसले.

अख्ख्या गल्लीत अनसूयाबाईंना हसायची कुणाची छाती नव्हती. त्या ताठ उभ्या राहिल्या, हसणं संपेपर्यंत. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

"झालं हसून? आता ब्लेड द्या कुणीतरी."

त्या तिथेच गवतावर मुलाच्या पायाशी बसल्या. स्वतः घातलेले टाके स्वतः उसवले. दोन्ही पॅडच्या कडेचा कापूस मुठी भरभरून बाहेर काढला आणि ओच्यात टाकला. डाव्या पॅडशी हात अडखळला. तेवढ्यात दत्तात्रय वाकला आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काढ, आई. साहेब बघतायत."

चौकट बसली. पंचांनी मान डोलावली.

अनसूयाबाई ओचा सावरत सतरंजीवर येऊन बसल्या. शेजारी सून होती, नंदा. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो हातानेच बाजूला सारला.

शिट्टी वाजली. कप्तान चेंडू घेऊन सुटला तो सरळ दत्तात्रयच्या डाव्या बाजूने. अनसूयाबाईंनी डोळे मिटून घेतले. काठीचा आवाज आला, लगेच त्याच्यामागून दुसरा, बोथट. मैदान ओरडलं, "बचा लिया! बचा लिया!"

नंदा टाळ्या वाजवत उभी राहिली. "वाचलं, आई! वाचलं!"

ओच्यातला कापूस मुठीत आवळून अनसूयाबाई तशाच बसून होत्या. डोळे मिटलेलेच.

"काय वाचलं, ते नीट बघून सांग."