फाटकाबाहेरची गाडी

शाळेचा शिपाई फाटकाबाहेरच्या हातगाडीला मागून धक्का देत होता आणि तिची आई चाकाला पाय लावून उभी होती.

नववीतल्या मुलीने हे स्टॉलवरून पाहिलं. तिच्या हातात उलथनं होतं आणि तव्यावर बटाट्याचे बारा कटलेट. शाळेच्या मेळ्यात बाकीचे वर्ग माश्या मारत बसले होते, पण नववीच्या स्टॉलची रांग पार ग्रंथालयाच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती. वर्गशिक्षिका बाई स्वतः दोनदा खाऊन गेल्या होत्या. "हाताला काय चव आहे गं तुझ्या! कोणाकडून शिकलीस?" त्यांनी विचारलं होतं. ती नुसती हसली होती.

फाटकापाशी कटलेट विकणाऱ्या मावशींना सगळी शाळा ओळखत होती. त्या तिची आई आहेत, हे मात्र एकालाही ठाऊक नव्हतं.

लपवायचं आईनेच ठरवलं होतं. मोठी लेक आधीच्या शाळेत होती तेव्हा गाडी त्याच शाळेच्या दारात लागायची, म्हणून वर्गातल्या मुली तिला 'कढई' म्हणायच्या. आधी गमतीत म्हणायच्या, मग चिडवून, मग फळ्यावर लिहून. आठवीत तिने दप्तर माळ्यावर टाकलं ते टाकलंच. आईने वस्ती बदलली, गाडी या नव्या फाटकापाशी आणली आणि धाकटीला इथे घातलं. पहिल्याच दिवशी तिला बजावलं, "फाटकात मी तुझी कुणी नाही. हाक मारायची नाही, बघायचंसुद्धा नाही. एक पोर घालवली, दुसरी नाही घालवायची मला."

चार वर्षं ती रोज गाडीशेजारून मान खाली घालून गेली होती.

"हे धर," तिने उलथनं मैत्रिणीच्या हातात कोंबलं.

"अगं, कुठे निघालीस? रांग बघ केवढी आहे!"

"जळू देऊ नकोस."

फाटकात मुख्याध्यापक येऊन उभे होते. आवाज सौम्य होता, पण शिपायाला खूण चालूच होती. "मावशी, वाद नको. पाहुणे यायची वेळ झाली. आजच्या दिवशी दारात हातगाडी बरी दिसत नाही."

"सर, सात वर्षं गाडी लावतेय. त्यातली चार तुमच्या दारात. माझं खाऊन कुणाचं पोट दुखलं नाही. आजच कुणाच्या पोटात दुखायला लागलं?"

फाटकाशी जमलेली दोन-चार पोरं फिसकन हसली. मुख्याध्यापकांचे कान लाल झाले. शिपायाने गॅस बंद केला आणि पुन्हा जोर लावला.

मुलगी आली आणि गाडीला पाठ टेकवून, शिपायाकडे तोंड करून उभी राहिली.

"तू इथे काय करतेस? आत जा," मुख्याध्यापक म्हणाले. "या बाई तुझ्या कोण लागतात?"

"आई."

जमलेल्या मुलांनी माना वळवून आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"नाही हो सर," ती घाईघाईने म्हणाली. "पोर काहीतरीच बोलतेय. मी हिला ओळखतसुद्धा नाही."

मुलीने वळून तिच्याकडे पाहिलं. आईने नजर दुसरीकडे वळवली.

"ठीक आहे," मुलगी म्हणाली. "नका ओळखू. पण गाडी हलणार नाही."

"ॲप्रन काढ," मुख्याध्यापक म्हणाले. "खोटं बोलणाऱ्या मुलीला मी स्टॉलवर उभं करणार नाही. उद्या पालकांना घेऊन ये, तोवर वर्गात बसायचं नाही."

"उद्या कशाला सर? त्या इथेच आहेत."

तिने ॲप्रन काढला नाही. उलट त्याची गाठ घट्ट केली, गाडीला वळसा घालून मागे गेली आणि गॅस पुन्हा पेटवला. तिथल्या ताटातले कच्चे कटलेट तिने एकेक करून तव्यावर सोडले. मग चार वर्षं दाबून ठेवलेला आवाज मोकळा केला.

"गरम कटलेट! या, गरम गरम कटलेट!"

आतली रांग थोडी हलली. मागचा एक मुलगा निघाला, मग दोन मुली. कागदी बशी हातात घेऊन वर्गशिक्षिका बाईही फाटकाबाहेर आल्या आणि गाडीसमोर उभ्या राहिल्या. शिपायाने हात मागे घेतले.

मुख्याध्यापक आईसमोर जाऊन उभे राहिले. "मावशी, शेवटचं विचारतो. खरं सांगा. ही तुमची कुणी लागते?"

आईने पदर तोंडाशी धरला. तिला फळ्यावरचा तो शब्द दिसत असावा. "नाही," ती म्हणाली. "कुणीसुद्धा नाही."

मुलीने ते ऐकलं. तिने मान वर केली नाही. ओठ घट्ट मिटून ती पलीकडचा कटलेट उलटायला पुढे वाकली आणि तिच्या सदऱ्याची सैल बाही थेट आचेवर लोंबली.

आईने झडप घालून तिचा हात मागे ओढला आणि मनगटावर एक चापट मारली.

"बाह्या वर कर आधी! घरी शंभर वेळा सांगितलंय तुला!"