सारवलेल्या अंगणातली भोकं

अंजनीबाईंची सून रूपाली कारवार बंदराच्या वाळूत राहणाऱ्या इवल्या खेकड्यांचा अभ्यास करायची. कालच ती घाटावर कंग्राळीला घरी परतली, आणि आज सकाळी सारवलेल्या अंगणात बारीक भोकं पडली होती. प्रत्येकाभोवती वाळूच्या गोळ्यांची रांगोळी.

"खेकडी सोडलीस व्हय गं?" अंजनीबाईंनी डोळे बारीक करून विचारलं.

"आत्ती, मी आणलेली बाटलीतली सगळी मेलेली हाईत." रूपाली वाकली. "पण नक्षी त्यांचीच."

अंजनीबाईंचा विश्वास बसेना. तेवढ्यात एकेक भोक आतून बुजायला लागलं.

"आता हे काय?"

"भरती जवळ आली की खेकडी दारं लावून घेत्यात," रूपाली पुटपुटली.

समुद्र तर पार घाटाखाली. अंजनीबाईंनी फाटकाकडं पाहिलं.

बाहेर बांधलेली म्हैस कोरड्या रस्त्यावर नजर लावून, दाव्याला ताण देत, मागं मागं सरकत होती.