वाजवून घ्यावं

मुलगी बघायला गेलो तेव्हा माझी जुनी गाडी धूर ओकतच त्यांच्या अंगणात शिरली. मुलीचे वडील हरमलकर नारळाचे व्यापारी. पोहे राहिले बाजूला, ते आधी बॉनेटपाशी आले.

"गाडीची ही तऱ्हा, मग माणसाचं काय?" माझ्यासोबत आलेल्या आईला ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले.

मी घाईघाईने इंजिनावरचा बोटाएवढा व्हॉल्व्ह उपसला. इंजिनात कोंडलेली वाफ यातून बाहेर पडते, आतली गोळी अडकली की गाडी धूर काढते, असं सांगत तो कानाशी हलवला.

हरमलकरांचे डोळे चमकले. त्यांनी व्हॉल्व्ह माझ्या हातातून घेतला आणि नारळासारखा कानाशी धरून खालीवर केला.

"वाजत नाही. नासका आहे."

"बरोबर," मी म्हणालो. पेट्रोलमध्ये धुऊन तो पुन्हा त्यांच्या हातात दिला. आता छान खुळखुळला. बसवल्यावर धूरही ओसरला.

हरमलकर एकदम पाघळले. "मग, आमची मुलगी पसंत आहे ना?"

दारात ती हसू दाबत उभी होती. मी होकारार्थी जोरजोरात मान हलवली.

हरमलकरांनी हळूच कान माझ्या डोक्याशी आणला.